इतिहासाचा तास

विष्णुपंत सरपोतदारांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला होता आणि त्यांच्या तासाला कुणी जांभई दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. कुलाबा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात ते शिकवायचे. पानिपत असो की प्लासी, हातातली छडी नकाशावर फिरवत असं काही सांगायचे की शेजारच्या वर्गातली पोरं भिंतीला कान लावायची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, मधे बायको गेली, आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये ते सहा महिन्यांसाठी मुलीकडे आले. मुलगी शोभा आणि जावई मोहन शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहायचे. दोघंही सकाळी साडेसातला आपापल्या गाड्या काढायची ती संध्याकाळीच परतायची. विष्णुपंत, घरातल्यांचे अप्पा, दिवसभर मागच्या काचेच्या दारापाशी खुर्ची टाकून हिरवळ बघत बसायचे.

त्यामुळे तेरा वर्षांची नात विनीता एक दिवस वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, तू हिस्टरी टीचर होतास ना? मला वर्ल्ड वॉर टूवर रिपोर्ट लिहायचाय," तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. विनीता सगळ्यांनाच तू म्हणायची. तिचं मराठी दोन वाक्यांत संपायचं आणि पुढचं सगळं इंग्रजीत चालायचं. अप्पांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, पण पक्कं. ते दोन संध्याकाळी बोलत होते. व्हर्सायचा तह, जर्मनीची उपासमार, आणि मग तो एकटा माणूस, ज्याने पडलेलं राष्ट्र सहा वर्षांत उभं केलं. रस्ते बांधले, हाताला काम दिलं, शिस्त लावली. "इंग्रज त्याला थरथर कापत होते. आमच्याकडे त्या काळात त्याचं नाव आदराने घेत. बाकीचं जे सांगतात ते जिंकलेल्यांनी लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेव." विनीताने सगळं लिहून घेतलं आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'माझे आजोबा, इतिहासाचे शिक्षक, भारत, यांच्या सांगण्यावरून.'

आठवड्याने तिच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. शोभा जाऊन भेटून आली ती उतरलेला चेहरा घेऊनच. पर्स टेबलावर टाकून तिने रिपोर्ट अप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"अप्पा, हे काय शिकवलंत तिला?"

"काय चुकीचं आहे त्यात? रस्ते बांधले नव्हते?"

"तिच्या वर्गात दोन मुली ज्यू आहेत. एकीच्या आजीच्या हातावर नंबर आहे, छळछावणीत गोंदलेला. विनीताने हे वर्गात मोठ्याने वाचलं."

सासऱ्यांशी चढ्या आवाजात बोलायची मोहनला सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, इथे हे असं बोलत नाहीत."

"बोलत नाहीत म्हणजे खोटं ठरत नाही, मोहनराव."

शाळेतल्या बाईंनी शिक्षा काही केली नव्हती. स्कोकी नावाच्या उपनगरात, जिथे छळछावण्यांतून वाचलेले पुष्कळ ज्यू येऊन राहिले होते, तिथे त्यांनीच एक लहानसं म्युझियम काढलं होतं. विनीताने ते बघावं, तिथल्या कुणाशी बोलावं आणि रिपोर्ट पुन्हा लिहावा, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. शोभा रविवारी तिला घेऊन जाणार होती.

"मीही येतो," अप्पा म्हणाले. "माझं नाव घातलंय ना खाली? मग मी बोलेन त्यांच्याशी."

शनिवारी त्यांनी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर इंग्रजीत तीन प्रश्न लिहिले. अक्षर नेहमीसारखं सुवाच्य. वाद घालायची त्यांना भीती नव्हती. इतिहासाच्या माणसाने पुरावा मागितला तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं त्यांनी शोभाला दोनदा सांगितलं.

म्युझियम म्हणजे रस्त्याच्या कडेचा दुकानाचा गाळा होता. अप्पांच्या डोळ्यांसमोर दगडी पायऱ्या, मोठे खांब असलं काहीतरी होतं. इथे आत शिरताच खाली गालिचा, छताला ट्यूबलाइट, भिंतींवर फोटो आणि दोन-चार काचेची कपाटं. कपाटात एक चमचा होता, एक पट्ट्यापट्ट्यांचा सदरा होता, लहान मुलाचा एकच बूट होता. गर्दी नव्हती. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. निळा स्वेटर, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. म्हणाली, "मी इलोना रॉथ. शाळेतून फोन आला होता तो तुमच्याबद्दलच ना?" ती दर रविवारी इथे येऊन लोकांना माहिती सांगायची. तिचं इंग्रजीही शिकून आलेलं, अप्पांसारखंच अडखळत पण नेमकं. अप्पांना ते सोयीचं वाटलं.

तिने विनीताचा हात धरला आणि पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. दोन फोटोंच्या पुढे गेली नसेल, तोच अप्पांनी खिशातून कागद काढला.

"मॅडम, क्षमा करा. मीसुद्धा शिक्षक आहे. मला एक विचारायचं आहे. साठ लाख ज्यू मारले, हा आकडा कुणी मोजला? कसा मोजला?"

शोभाने डोळे मिटून घेतले. मिसेस रॉथनी चष्मा नाकावर चढवला आणि अप्पांकडे नीट पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर. हा प्रश्न त्यांना नवा नसावा.

"कागदपत्रं मागच्या खोलीत आहेत. जर्मनांनी फार व्यवस्थित लिहून ठेवलंय सगळं, मी तुम्हाला दाखवेन," त्या म्हणाल्या. "पण साठ लाख मला मोजता येत नाहीत. मला जेवढे मोजता येतात तेवढे आधी मोजते."

त्यांनी तिघांना कोपऱ्यातल्या एका फोटोपाशी नेलं. शाळेच्या वर्गाचा फोटो होता. तीन रांगा. मुलं पायऱ्यांवर उभी, पुढची जमिनीवर मांडी घालून. मधोमध खुर्चीत शिक्षक, मिशा कातरलेल्या, हात गुडघ्यांवर. अप्पांच्या घरी असे चौतीस फोटो होते.

"हंगेरी. १९४३. ही मी, पंधरा वर्षांची. आमच्या वर्गात आम्ही ज्यू अकरा जणं होतो." मग त्यांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगायला सुरुवात केली. घाई नव्हती. हा डेव्हिड, याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ही मार्गित, गणितात पहिली. या दोघी बहिणी, एक आजारी पडली की दुसरीही पडायची. प्रत्येक नावानंतर त्या थोडं थांबायच्या आणि शेवट सांगायच्या, छावणीच्या गाडीतून उतरल्यावर त्याच संध्याकाळी, किंवा टायफसने हिवाळ्यात, किंवा माहीत नाही. विनीता ओठ हलवत मोजत होती. अकरांतल्या दोघी राहिल्या होत्या. एक मिसेस रॉथ, आणि एक मार्गित, ती १९४६ साली एका इस्पितळात वारली.

"आणि हे?" विनीताने शिक्षकांकडे बोट दाखवलं.

"हे आमचे सर. लॅटिन आणि इतिहास. आम्ही त्यांना 'तनार उर' म्हणायचो, म्हणजे मास्तरसाहेब. फार सुरेख शिकवायचे. मला लॅटिनची शिकवणी फुकट द्यायचे, माझ्या आईकडून एक पैसा घेतला नाही. वर्गात कधीकधी जर्मनीची स्तुती करायचे. बघा, म्हणायचे, शिस्त काय करू शकते. आम्ही अकराही जणं ऐकायचो. आम्हाला वाईटसुद्धा वाटायचं नाही, इतकं छान सांगायचे."

अप्पांनी कागद खिशात ठेवला.

मिसेस रॉथ पुढे सांगू लागल्या. १९४४चा वसंत. पासओव्हरचा सण नुकताच संपला होता. पहाटे शिपाई दारावर आले. प्रत्येकी एक बोचकं घ्या, म्हणाले. सगळ्या ज्यूंना शाळेच्या पटांगणात आणलं. तिथे एक टेबल मांडलं होतं आणि टेबलामागे सर बसले होते. गावातले शिक्षक, कारकून, सगळ्यांना यादीच्या कामाला लावलं होतं. कुणाचं नाव काय, कोण कुणाचं, शिपायांना काय माहीत? शिक्षकांना माहीत असतं.

"त्यांनी नावं वाचायला घेतली. त्यांचं वाचन स्वच्छ होतं, एकही नाव चुकत नव्हतं. माझं नाव आलं. आणि मी काय केलं माहीत आहे? हात वर केला आणि म्हणाले, 'हजर, सर.' सवयीने. माझ्या मागे माझा भाऊ होता, पाल, अकरा वर्षांचा. तोही म्हणाला, 'हजर, सर.' सरांनी दोन्ही नावांपुढे खूण केली. वर पाहिलं नाही."

"मग?" शोभाने हळूच विचारलं.

"मग तीन आठवडे विटांच्या भट्टीच्या आवारात. मग गाडी. तीन दिवस. ऑशविट्झला उतरल्यावर आई आणि पाल एका बाजूला गेले, मी दुसऱ्या. पालने आईची पिशवी धरली होती. ते शेवटचं." त्यांनी स्वेटरची बाही सारखी केली. "मी पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात गावी परत गेले. घरात दुसरे लोक राहत होते. रस्त्यात सर भेटले. शाळेतच होते अजून. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, 'इलोना, आई कशी आहे?'"

विनीता रडायला लागली होती. शोभाने तिला जवळ घेतलं. मिसेस रॉथ म्हणाल्या, "ते मला चिडवत नव्हते. खरंच विचारत होते. चाळीस वर्षं झाली, मी त्या शिपायांचे चेहरे विसरले. सरांचा चेहरा नाही विसरले."

भिंतीलगत एक बाक होतं. अप्पा त्यावर बसले. शोभाने विचारलं, पाणी आणू का, तर त्यांनी मान हलवली. समोरच्या फोटोतल्या माणसाचे गुडघ्यांवरचे हात त्यांना दिसत होते. थोड्या वेळाने त्यांनी आपलं इंग्रजी गोळा केलं.

"मॅडम, माझ्या वर्गात एक मुलगा होता. एझ्रा. एझ्रा नवगावकर."

हे नाव भारतात कुठून आलं, असं मिसेस रॉथच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आमच्या कोकणात ज्यू लोक आहेत. शेकडो वर्षं आहेत. मराठी बोलतात, त्यांना शनिवार तेली म्हणतात, कारण पूर्वी ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. त्यांना आमच्याकडे कधी कुणी त्रास दिला नाही. मी ही गोष्ट अभिमानाने सांगत असे." अप्पांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "१९६१ साली, इस्रायलमध्ये एका नाझी अधिकाऱ्यावर तो मोठा खटला चालू होता तेव्हा, मी नववीच्या वर्गात जर्मनीचा धडा शिकवत होतो. जसा नेहमी शिकवायचो तसा. एझ्रा उभा राहिला. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. म्हणाला, सर, यांनी आमच्या लोकांना मारलं असं यात लिहिलंय. लहान मुलांनासुद्धा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, बस खाली. वर्तमानपत्रात काय, वाट्टेल ते येतं. आणि मग..." हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. "मग मी म्हणालो, का रे शनिवार तेल्या, त्याने तुझा घाणा बंद पाडला की काय? सगळा वर्ग हसला. मोठ्याने हसला. मीही हसलो."

विनीता आईच्या कुशीतून बाहेर येऊन त्यांच्याकडे बघत होती.

"त्यानंतर पोरं रोज सकाळी त्याला नाझी पद्धतीने हात उंच करून सलाम करायची. मी व्हरांड्यातून बघायचो. पोरांची मस्करी, असं वाटायचं. जानेवारीत तो यायचा बंद झाला. त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. इस्रायलला जातोय, म्हणाले. मी दाखल्यावर लिहिलं, वर्तणूक चांगली."

मिसेस रॉथनी विचारलं, "किती वर्षांचा होता?"

"चौदा."

"आता जिवंत आहे?"

"असावा. मला माहीत नाही."

"मग हे मला का सांगता?" त्यांचा आवाज पहिल्यांदा कोरडा झाला. "मी त्याच्या वतीने काही ऐकू शकत नाही. तो आहे तर त्याला लिहा."

"पत्ता नाही माझ्याकडे."

"शोधा," मिसेस रॉथ म्हणाल्या. तेवढ्यात दारातून आणखी एक कुटुंब आत आलं. मिसेस रॉथनी विनीताच्या डोक्यावरून हात फिरवला, मागच्या खोलीतली कागदपत्रं दाखवायला एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाक मारली आणि त्या नव्या लोकांकडे गेल्या. अप्पांशी हात मिळवला नाही. अप्पांनीही पुढे केला नव्हता.

कागदपत्रं त्यांनी पाहिली. तासभर पाहिली. गाड्यांची वेळापत्रकं, डब्यांतल्या माणसांची संख्या, टाइप केलेली, खाली सही. खिशातल्या कागदावरचा दुसरा आणि तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

परतताना विनीता पुढे आईशेजारी बसली, अप्पा मागे. जाताना ती मागे त्यांच्याजवळ बसली होती. ऑक्टोबरचं ऊन होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं तांबडी झाली होती. शोभा गाडी चालवत होती.

"एझ्रा माझ्या वर्गात होता, अप्पा," शोभा अचानक म्हणाली.

अप्पांना ते आठवेना. मग आठवलं. नववीच्या वर्गात मुलींच्या बाजूला दुसऱ्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी बसायची. वर्गात तीही त्यांना सर म्हणायची.

"मीसुद्धा हसले होते," शोभा म्हणाली. नजर रस्त्यावरच होती. "तुम्ही बोललात म्हणून हसले. नंतर एकदा विहिरीपाशी मुलांनी त्याला धरलं होतं. तूच सलाम कर, असं म्हणत होती सगळी, त्याला. तो करत नव्हता. त्यांनी त्याचं दप्तर विहिरीत टाकलं. मी उभी होते तिथे, आणि माझी मैत्रीण कांचन होती. आम्ही घरी आलो. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तुम्ही हसाल."

"आई," विनीता इंग्रजीत म्हणाली, "तू काहीच नाही केलंस?"

"नाही."

"तू माझ्याएवढी होतीस."

"हो."

विनीताने खिडकीकडे तोंड फिरवलं. अप्पांना मागच्या सीटवरून दोघींचीही डोकी तेवढी दिसत होती. एझ्राचं दप्तर विहिरीत होतं हे त्यांना पंचवीस वर्षांनी, परक्या देशातल्या हमरस्त्यावर कळत होतं. दप्तर खाकी कापडाचं होतं, आईने घरी शिवलेलं, एवढं त्यांना आठवलं. त्यानंतर तो वह्या हातात घेऊन यायचा. तेव्हा त्यांनी त्याला एकदा त्यावरूनही टोकलं होतं. दप्तर आणायला काय होतं रे, म्हणून.

घरी आल्यावर मोहनने चहा केला. कसं झालं, असं त्याने विचारलं आणि तिघांचे चेहरे बघून पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी विनीता जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. तिने पहिला रिपोर्ट फाडला नव्हता, त्याच्याच पुढे लिहीत होती. मिसेस रॉथच्या वर्गाचं लिहिलं, अकरा नावांतली तिला आठवत होती तेवढी लिहिली. मग ती अप्पांपाशी आली, पण बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मी एझ्राचं पण लिहिलंय. इट्स ट्रू, सो आय हॅव टू. तुला वाचून दाखवू?"

"दाखव."

तिने वाचलं. मुलीच्या साध्या इंग्रजीत ते सगळं फार थोडक्यात होतं. सर असं म्हणाले, मुलं हसली, तो निघून गेला. शेवटचं वाक्य होतं, 'माझ्या आजोबांना तेव्हा खरं काय घडलं ते माहीत नव्हतं.'

"ते खोड," अप्पा म्हणाले.

"का?"

"मला माहीत होतं." सांगताना त्यांनी टेबलाची कड धरली होती. "१९४५ साली आमच्या वाचनालयात इंग्रजी साप्ताहिकं यायची. त्यात फोटो होते. खड्डे, माणसं. मी पाहिले होते, विनीता. पान उलटलं. तसं लिही. माहीत होतं असं लिही."

विनीताने वाक्य खोडलं. पेन्सिल तशीच कागदावर धरून ती उभी राहिली. "मग तू वर्गात तसं का सांगायचास?"

शोभा ओट्यापाशी होती. तिने नळ बंद केला.

अप्पांना पुष्कळ उत्तरं सुचली. इंग्रजांचं राज्य होतं, सगळेच तसं म्हणत, काळच तसा होता. ही तिन्ही उत्तरं ते आयुष्यभर देत आले होते आणि ती पुरतही होती. पण नात उत्तराची वाट बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर नक्की कोणता भाव आहे हे त्यांना ओळखता येत नव्हतं.

"मुलांना आवडायचं," ते म्हणाले. "बाकी इतिहासही पोरं ऐकायची, पण मधूनच चुळबुळ व्हायची. हे सांगायला लागलं की वर्ग गप्प व्हायचा. माझ्याकडे बघत बसायची सगळी. मला ते आवडायचं."

विनीताने तेही लिहून घेतलं आणि कागद गोळा करून वर आपल्या खोलीत गेली.

अप्पांनी नोव्हेंबरात गावातल्या जुन्या सहकाऱ्याला, नरेंद्र मास्तरांना, पत्र टाकलं. त्यांनी चौकशी केली आणि जानेवारीत एझ्राच्या ठाण्यातल्या मावशीकडून मिळालेला पत्ता कळवला. इस्रायलच्या दक्षिणेकडचं कुठलंसं गाव होतं, अप्पांनी नकाशावर शोधून काढलं. पत्र त्यांनी मराठीत लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं आणि पाचव्यांदा एका पानाचं पाठवलं. क्षमेचा शब्द त्यात होता की नव्हता हे त्यांनी शोभाला सांगितलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचं परतीचं विमान होतं. तोवर उत्तर आलं नाही. पुढे आलं तर भारतात पाठवून दे, असं ते विमानतळावर शोभाला म्हणाले, आणि विनीताकडे वळून, तिने पुढे काय वाचावं हे सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण मग काही न सांगताच रांगेत जाऊन उभे राहिले.